अनुदानावरचा प्रकल्प सांभाळणारी माणसं

मुलगा इलेक्ट्रॉनिक्स शिकला, पण आयटीत जायचं नाही म्हणतो. मुलीची मायक्रोबायॉलॉजीतली एमएस्सी होत आली, पीएचडीचा विचार नाही. मग पुढे काय, इथे घरातली बोलणी अडतात. अशा घरांनी एका क्षेत्राकडे जरूर पाहावं. सरकारी किंवा सीएसआर निधीवर चालणाऱ्या तंत्रज्ञान प्रकल्पांचं नियोजन आणि व्यवस्थापन हे ते क्षेत्र. त्यात जम बसलेली माणसं शोधूनही पटकन मिळत नाहीत.

आधी पैसा कुठून येतो ते पाहू. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्ये ‘बायरॅक’ ही संस्था काढली. तिच्या ‘बिग’ योजनेतून एखादी कल्पना चालते हे सिद्ध करायला ५० लाख रुपयांपर्यंत मिळतात आणि मुदत असते साधारण १८ महिन्यांची. पुण्यात पाषाणला, एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरातलं व्हेंचर सेंटर या योजनेच्या भागीदार संस्थांपैकी एक. विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या ‘निधी-प्रयास’मधून प्रोटोटाइपसाठी १० लाखांपर्यंत मदत होते. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात; हाच सीएसआर निधी. त्यातला काही वाटा इन्क्युबेशन केंद्रांकडे आणि संशोधनाकडे वळतो.

हा पैसा व्याजाने फेडायचा नसतो, पण त्यातल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब द्यावा लागतो. इथेच भल्याभल्या संशोधकांची दमछाक होते.

समजा, दुधातली भेसळ ओळखणारं हातात मावणारं यंत्र बनवायचंय. प्रस्तावात लिहिलं: सहाव्या महिन्यात प्रोटोटाइप, बाराव्यात संकलन केंद्रांवर चाचणी, अठराव्यात अहवाल. आता यातला सेन्सर परदेशातून येणार. कोटेशन, खरेदी समितीची मंजुरी, ऑर्डर, कस्टम्स यात तीन-चार महिने सहज जातात. म्हणजे मंजुरीपत्र हातात पडलं त्याच आठवड्यात खरेदीची फाइल हलली नाही, तर सहावा महिना हुकलाच म्हणायचा. तोवर नेमलेला इंजिनिअर पगारावर आहे. सेन्सर येईपर्यंत त्याने सर्किट आणि बाहेरचं आवरण तयार ठेवायचं, दुसऱ्याने दुधाचे नमुने जमवायचे, हे आधीच ठरलेलं हवं. आणि दूध वर्षभर सारखं नसतं. पुष्टकाळात संकलन भरपूर, कृशकाळात कमी. फॅटही ऋतूनुसार बदलतं. दोन्ही काळांत चाचणी झाली नाही तर यंत्रावर कुणी भरवसा ठेवणार नाही. त्यामुळे प्रकल्प एप्रिलमध्ये सुरू झाला की ऑक्टोबरमध्ये, यावर सगळं वेळापत्रक फिरतं. एवढा विचार प्रस्ताव लिहितानाच करणारी व्यक्ती म्हणजे चांगला प्रकल्प व्यवस्थापक.

पैसे मिळतात तेही हेडनुसार. मनुष्यबळ, उपकरणं, कन्झ्युमेबल्स, प्रवास, कंटिन्जन्सी, ओव्हरहेड. एका हेडचे पैसे दुसऱ्यात वळवायचे तर बहुधा लेखी परवानगी लागते. हप्ताही आपोआप येत नाही. आधीचा हप्ता कशावर खर्च झाला याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे यूसी, केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांच्या (जीएफआर २०१७) १२-ए नमुन्यात द्यावं लागतं. सोबत झालेल्या कामाचा अहवालही. मार्चअखेरीस बिलं जुळली नाहीत की यूसी रखडते, यूसी रखडली की हप्ता रखडतो, आणि मग प्रकल्पावरच्या मुलांचे पगार थांबतात. जुळवाजुळवीचं हे काम मला संशोधनाइतकंच मोलाचं वाटतं. मुदतवाढ लागणार हे दिसताच पत्र लिहिणारा माणसांचे पगार वाचवतो. पण मुदत वाढली तरी रक्कम सहसा वाढत नाही, हे त्याला ठाऊक असतं.

पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘नोकरी कायम आहे का?’ नाही. प्रकल्प संपला की नेमणूक संपते. प्रकल्पावरच्या जेआरएफला, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोला, जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. बाकी पदांचे आकडे पद आणि पात्रतेप्रमाणे बदलतात. घरावर कर्ज असेल आणि याच पगारावर चूल पेटणार असेल, तर आधी स्थिर नोकरी धरावी आणि दोन-तीन वर्षांनी इकडे यावं, असं मी स्पष्ट सांगेन. पण ज्याने एक अनुदान मंजुरीपासून अंतिम यूसीपर्यंत नेलं, त्याला इन्क्युबेशन केंद्रं, विद्यापीठांचे संशोधन विभाग, कंपन्यांचे सीएसआर विभाग आणि मोठ्या सामाजिक संस्था अशी अनेक दारं उघडी असतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली. एवढ्या मोठ्या कामांनाही नियोजन, खरेदी आणि हिशेब एकत्र कळणारी माणसं लागतातच.

शिक्षणाचं म्हणाल तर विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची कुठलीही पदवी चालते. आयआयटी मुंबईत ‘सी-तारा’ या केंद्रात तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एमटेक करता येतं. पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राच्या जाहिराती पाहून लगेच फी भरू नका. चार वर्षांच्या पदवीनंतरही त्यासाठी तीन वर्षांचा अनुभव लागतो. कॉलेजात असताना शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टलाच महिनावार तक्ता आणि हेडनुसार बजेट लावा. विभागात एखादा अनुदानित प्रकल्प चालू असेल तर सरांना किंवा मॅडमना विनंती करून यूसी बनताना शेजारी बसा. एक्सेल आणि नेमकं पत्रलेखन, ही दोन कौशल्यं पक्की करा.

निधी-प्रयास आणि बिगच्या मार्गदर्शक सूचना संकेतस्थळांवर मोफत मिळतात. या सुट्टीत त्यातली एक उतरवून घ्या आणि आपल्या मनातल्या एखाद्या यंत्राचं बजेट त्या नमुन्यात भरून पाहा. बँकेत, कचेरीत किंवा दुकानात हिशेब सांभाळलेल्या आईवडिलांनी तेव्हा शेजारी बसावं; त्यांचा अनुभव इथे थेट उपयोगाचा आहे. तो तक्ता भरताना मुलाला किंवा मुलीला वेळेचं भान राहिलं नाही, तर या वाटेचा विचार जरूर करा.