जालना जिल्ह्याची लोकसंख्या : एका मोठ्या संख्येचा ताळा

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १९,५९,०४६ इतकी आहे. पैकी पुरुष १०,११,४७३ व स्त्रिया ९,४७,५७३. गणिताच्या दृष्टीने ही सम संख्या २, १७, १५७ व ३६७ या मूळ संख्यांचा गुणाकार होय. तथापि ज्यांच्या हाती नित्य तक्ते व नोंदवह्या येतात, त्यांना तिचा आणखी एक गुणधर्म अधिक उपयोगी पडेल.

१०, १००, १००० यांपैकी कोणत्याही संख्येस नवाने भागल्यास बाकी १ उरते. म्हणून एखाद्या संख्येस आणि तिच्या अंकांच्या बेरजेस नवाने भागले असता बाकी सारखीच येते. पुरुषसंख्येतील अंकांची बेरीज १७, म्हणजे १ व ७ मिळून ८. स्त्रीसंख्येतील ३५, म्हणजे ८. या दोहोंची बेरीज १६, म्हणजे ७. एकूण लोकसंख्येतील अंकांची बेरीज ३४, म्हणजे ७. ताळा जमला. नवाची ही कसोटी आपल्याकडे जुनी असून, दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धान्त’ या ग्रंथात ती आढळते.

मात्र नकल करताना शेजारचे दोन अंक उलटसुलट झाल्यास हा ताळा फसतो. ९,४७,५७३ ऐवजी ९,४५,७७३ लिहिले गेले, तरी अंकांची बेरीज ३५ च राहते. दोष उघड होत नाही. अशा वेळी अकराचा ताळा घ्यावा. एककापासून आरंभ करून अंक आळीपाळीने मिळवावेत व वजा करावेत. उत्तर ऋण आल्यास त्यात ११ मिळवावेत. पुरुषसंख्येचे उत्तर १, स्त्रीसंख्येचे ०, एकूण संख्येचे १. म्हणजे मेळ बसतो. चुकीच्या नकलेचे उत्तर मात्र ४ येते व चूक तात्काळ पकडली जाते.

येथे एक मर्यादा ध्यानी घेणे अगत्याचे आहे. ताळा बेरीज तपासतो, नोंद तपासत नाही. २०११ ची प्रत्यक्ष शिरगणती फेब्रुवारी महिन्यात झाली. तो उसाच्या गळिताचा हंगाम असतो आणि मराठवाड्यातील अनेक कुटुंबे त्या दिवसांत ऊसतोडीसाठी परगावी गेलेली असतात. अशा हंगामात एखादे कुटुंब गणनेतून सुटले, तरी तक्त्यातील बेरीज बिनचूकच दिसेल. शाळा, पाणी व शिधा यांच्या नियोजनातून मात्र ती माणसे वगळली जातील.

म्हणून शिक्षकांनी आपल्या गावाचे आकडे घेऊन हे दोन्ही ताळे मुलांकडून करवून घ्यावेत. पंचायत सदस्यांनी व कर्मचाऱ्यांनी तक्त्यावर सही करण्यापूर्वी ते पाहावेत आणि त्यानंतर कोणते घर नोंदीतून राहिले काय, याची वस्तीवर जाऊन खातरजमा करावी.