वर्गाची घंटा



सकाळी सातची मिस्सा संपली की धर्मशिक्षणाचा वर्ग भरतो. सुरुवातीची प्रार्थना होऊन जाते आणि मग चार-पाच मुले दारात खाली मान घालून उभी राहतात. त्यांना रागावणे आम्ही सोडून दिले आहे. आठ वर्षांचे मूल स्कूटर चालवत नाही!

येशूचे आईवडील दरवर्षी वल्हांडण सणासाठी यरुशलेमला जात, असे संत लूक सांगतो (२:४१). नाझरेथहून ती काही दिवसांची वाट होती. बारा वर्षांचा येशू त्यांच्याबरोबरच गेला.

प्रथम कम्युनियनसाठी मुलांची तयारी करून घेण्याची जबाबदारी ख्रिस्तसभेचा कायदा (कलम ९१४) आधी आईवडिलांवर टाकतो, मग आम्हा धर्मगुरूंवर. आमचे प्रवचनही कधीकधी लांबते, हे मान्य. येत्या रविवारपासून ते आवरते घेऊ आणि घंटा बरोबर आठला वाजवू.