खुडूक कोंबडी : बसवावी की उठवावी?

दुकान किंवा कारखाना सांभाळून परसात दहा-बारा कोंबड्या पाळणारी कुटुंबे आपल्याकडे पुष्कळ आहेत. घरापुरती अंडी ठेवून उरलेली विकली जातात. धंदा लहान असला तरी हिशेब चोख हवा. या हिशेबात हमखास चुकणारी बाब म्हणजे खुडूक कोंबडी.

आधी आमचीच चूक सांगतो. एका उन्हाळ्यात आमच्या दोन कोंबड्या खुडूक झाल्या. बसतात तर बसू द्या, म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. बाकीच्या कोंबड्याही त्याच टोपलीत अंडी घालत राहिल्या. पाच-सहा दिवसांनी ती सारी गोळा करून आम्ही नेहमीच्या खानावळवाल्याला दिली. काही अंडी फोडताच आत रक्ताच्या शिरा दिसल्या. त्याने माल परत केला आणि पुन्हा आमच्याकडे आला नाही. अंड्यांचे नुकसान भरून निघाले, गेलेला भरवसा निघाला नाही.

खुडूक कशी ओळखावी?

कोंबडी रात्रीही टोपलीतच बसते, हात नेताच पिसे फुलवून गुरगुरते, टोचते. दाणापाणी कमी होते, छातीची पिसे गळतात आणि अंडी बंद होतात. हा आजार नव्हे. शरीरातील प्रोलॅक्टिन या द्रव्याचा तो परिणाम आहे. लेगहॉर्नसारख्या अंड्यांच्या जातींतून निवडपैदाशीने हा गुण जवळजवळ गेला आहे. देशी आणि असील कोंबडीत तो ठळक असतो, कडकनाथमध्ये कमी.

हिशेब असा मांडा

अंडी उबायला २१ दिवस आणि पिले सांभाळायला सुमारे सात आठवडे, म्हणजे ७० दिवस कोंबडी अंडी देत नाही. तिला लगेच उठवली तर साधारण १५ दिवसांत ती पुन्हा अंड्यावर येते. उरलेल्या ५५ दिवसांत दिवसाआड एक धरले तरी २७ अंडी होतात. त्यात खाली ठेवलेली १० अंडी मिळवा. म्हणजे पिलांच्या एका खेपेची किंमत ३७ अंडी. आपल्या गावी पिलांना जो भाव असेल त्याच्याशी ही रक्कम ताडून पाहा, आणि पहिल्या दोन दिवसांतच निर्णय घ्या.

उठवायची असेल तर

तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तिला ठेवा. पिंजरा विटांवर उंच ठेवा, म्हणजे पोटाला खालून हवा लागेल. आत गवत किंवा टोपली नको. जागा उजेडाची पण सावलीची असावी आणि दाणापाणी भरपूर द्यावे. तीन-चार दिवसांत बहुतेक कोंबड्या ताळ्यावर येतात. सोडल्यावर पुन्हा टोपलीकडे धावली तर आणखी दोन दिवस ठेवा. पाण्यात बुडवणे, उपाशी ठेवणे, नाकात पीस खुपसणे हे प्रकार करू नयेत. मुक्या जिवाला यातना होतात आणि खंगलेली कोंबडी अंड्यावर उशिराच येते.

बसवायची असेल तर

कळपात कोंबडा असेल तरच अंडी फळतात. सात दिवसांच्या आतली, स्वच्छ, मध्यम आकाराची दहा-बारा अंडी निवडा. ती धुऊ नका. कोंबडी इतरांपासून वेगळ्या, अंधाऱ्या जागी रात्री बसवा. त्याआधी पंखाखाली उवा-गोचिडी नाहीत हे पाहा. दिवसातून एकदा खायला, पाण्याला आणि मातीत लोळायला तिला बाहेर काढा. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या उजेडावर अंडी धरा. ज्यात शिरा दिसत नाहीत ती काढून टाका. पिलांना पहिल्या आठवड्यात राणीखेत रोगाची लासोटा लस द्यावी.

सर्व अंड्यांवर पेन्सिलीने खूण करा. खूण नसलेले अंडे दिसले की ते नंतर घातलेले समजून त्याच दिवशी उचला. बाकी टोपल्यांतली अंडीही दिवसातून दोनदा गोळा करा. टोपलीत अंडी साचली नाहीत तर कोंबड्या खुडूकही कमी होतात.

एका पेन्सिलीची ही खूण आम्ही वेळेवर केली असती, तर आमचे गिऱ्हाईक तुटले नसते.