प्रतिपिंडाच्या शेपटीतील साखर

कोल्हापूर जिल्हा ऊस आणि गुळासाठी प्रसिद्ध आहे, हे तुम्ही जाणताच. पण आज आपण जी साखर पाहणार आहोत, ती गुऱ्हाळात नव्हे, तर तुमच्या रक्तात असते.

मलकापूरच्या परिसरात भाताच्या खाचरात एखाद्याला घोणस चावली, तर काय करावे? त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. तेथे शिरेतून प्रतिसर्पविष देतात. हे औषध घोड्याच्या रक्तापासून बनवतात. घोड्याला सर्पविष अगदी थोड्या, वाढत्या मात्रेत टोचले, की त्याच्या रक्तात विषाला पकडणारी प्रथिने तयार होतात. हीच प्रतिपिंडे. मुंबईच्या हाफकिनमध्ये असे औषध अनेक वर्षे तयार होत आले आहे.

प्रतिपिंडाचा रेणू इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा असतो. वरचे दोन हात शत्रूला पकडतात. खालची शेपूट भक्षक पेशींना बोलावते. औषध तयार करताना पेप्सीन या विकराने शेपूट तोडतात. विष निकामी करायला दोन हात पुरेसे होतात, आणि घोड्याच्या शेपटीमुळे होणाऱ्या त्रासाचा धोका घटतो.

मग शेपूट निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही! रोगजंतू नुसते पकडून भागत नाही, ते नष्टही करावे लागतात. माणसाच्या नेहमीच्या प्रतिपिंडात शेपटीच्या दोन्ही पदरांवर, 297 व्या अमिनो आम्लाला शर्करांची एक फांदीदार साखळी जोडलेली असते. तिचे वजन रेणूच्या जेमतेम 2 ते 3 टक्के. पण ती काढून टाकली, तर शेपटीचा आकार बिघडतो आणि भक्षक पेशींना ती नीट धरता येत नाही. शत्रू हातात असतो, मात्र मदतीला कोणी येत नाही.

साखळीतील एकेका शर्करेलाही महत्त्व आहे. फ्यूकोज नसेल, तर मारक पेशींची पकड अधिक घट्ट बसते. या युक्तीवर आधारलेल्या कर्करोगावरील एका औषधाला 2012 मध्ये जपानने मान्यता दिली. याउलट, संधिवाताच्या रुग्णांच्या प्रतिपिंडांत गॅलॅक्टोज कमी असते, असे ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांना 1985 मध्ये आढळले.

मात्र गूळ जास्त खाल्ल्याने ही साखळी लांबत नाही बरे का! ती पेशीतील विकरे जोडतात.

विचार करा : शेपूट तोडलेले प्रतिपिंड सर्पविषावर चालते, पण जंतूंवर तितके प्रभावी का ठरणार नाही?