पैठणीचं पुस्तक कोण मांडणार?

बारावीनंतर मुलीने ‘फॅशनमध्ये जायचंय’ म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर एक तर शिलाई मशीन येतं, नाही तर रॅम्प. छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत कितीतरी घरांचा महिना चिकलठाणा एमआयडीसीतल्या पगारावर चालतो. तिथे ही दोन्ही चित्रं पाहून आईवडिलांचा जीव धास्तावणं साहजिक आहे. पण कपड्यांच्या दुनियेत एक तिसरंही काम आहे आणि त्याबद्दल दहावी-बारावीच्या समुपदेशनात कुणी अवाक्षर काढत नाही. ते काम म्हणजे कपड्यांची पुस्तकं घडवणं. मोठ्या आकाराची, जाड कागदाची, छायाचित्रांनी भरलेली, हॉलमधल्या टीपॉयवर ठेवायची पुस्तकं, ज्यांना आपण कॉफी टेबल बुक म्हणतो. फोटो कुणीतरी काढतं, मजकूर कुणीतरी लिहितं. पण कुठला फोटो कुठल्या पानावर, केवढा, कशाच्या शेजारी, कुठल्या कागदावर, हे ठरवणारा माणूस वेगळा असतो. तो म्हणजे पुस्तकाचा डिझायनर.

मराठी माणसाला हा प्रकार परका नाही. गौतम राजाध्यक्ष रसायनशास्त्र शिकले, मग लिंटास या जाहिरात संस्थेच्या छायाचित्र विभागात नोकरी केली आणि तिथून फॅशन आणि सिनेमातल्या चेहऱ्यांचे छायाचित्रकार झाले. १९९७ साली त्यांचं ‘फेसेस’ आलं. दुर्गा खोटे यांच्यापासून ऐश्वर्या रायपर्यंत ४५ चित्रपट कलावंत त्यात आहेत. गोव्यात वेंडेल रॉड्रिक्स या फॅशन डिझायनरने गोव्याच्या पेहरावाचा इतिहास खणून काढला आणि २०१२ मध्ये ‘मोडा गोवा’ हे पुस्तक केलं. कुणबी साडीला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

आपल्या जिल्ह्याचं नातं तर याहून जुनं आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुढे कित्येक वर्षं अजिंठ्याला येऊन भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करत होते. त्यातून १८९६-९७ मध्ये दोन भव्य खंड निघाले. पुढे निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात ‘अजंता’ चार भागांत प्रसिद्ध केलं. त्या पानांवरची पट्ट्यापट्ट्यांची उत्तरीयं, मोत्यांचे सर, केशभूषा बघा. फॅशनच्या पुस्तकाला आणखी काय लागतं? अजिंठा आपल्या घरापासून शंभर किलोमीटरच्या आसपास, पैठण पन्नासच्या, आणि हिमरूचे माग जुन्या शहरात. एवढा ऐवज उशाशी असताना त्याची पुस्तकं दिल्ली-मुंबईच्या लोकांनीच का मांडायची, हा माझा खरा प्रश्न आहे आणि हा लेख त्याचसाठी आहे.

आता हे काम जवळून बघू. समजा पैठणीवर १२८ पानांचं पुस्तक करायचं आहे. छायाचित्रकाराने दोन हजार फोटो दिले. पहिलं काम निवडीचं, आणि तिथेच नवशिका हमखास अडकतो, कारण त्याला सगळेच फोटो सुंदर वाटतात. निवडलेल्या फोटोंच्या छोट्या प्रती काढून त्या जमिनीवर मांडायच्या, हलवायच्या, पुन्हा हलवायच्या. पैठणच्या गल्लीतला माग, विणकराची बोटं, पदरावरचा बांगडी-मोर, मग अख्खं पान भरून नुसता मोरपंखी रंग, मग नेसलेली बाई. कीर्तनात जसा पूर्वरंग आणि उत्तररंग असतो, तसा पुस्तकालाही चढत जाणारा क्रम लागतो. ओळीने चार दमदार फोटो ठेवले की एकाचाही ठसा उमटत नाही. मध्ये कोरी जागा सोडायला धीर लागतो, आणि हा धीर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही.

पुढची लढाई जरीशी. पडद्यावर लखलखणारी जर छापून आली की मोहरीच्या चटणीच्या रंगाची दिसते, कारण ऑफसेट छपाई निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शायांच्या ठिपक्यांनी होते आणि या चारांतून धातूची चमक येत नाही. यावर दोन मार्ग. एक, फोटो काढतानाच प्रकाश बाजूने टाकून जरीवर उजळ-गडद असा फरक ठेवायचा, म्हणजे डोळ्याला सोन्याचा भास होतो. दुसरा, सोनेरी शाईची पाचवी प्लेट करायची, आणि मग खर्च वाढतो. राणी रंगाचंही तेच. मोबाइलवर झगझगणारा राणी कागदावर एकदम फिका पडतो. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेलं धूपछाँव कापड तर एका फोटोत मावतच नाही. घडी हलवून दोन फोटो काढावे लागतात आणि ते समोरासमोरच्या पानांवर ठेवावे लागतात. बारीक विणीचा फोटो विशिष्ट आकारात छापला तर विणीच्या रेघा आणि छपाईचे ठिपके एकमेकांत गुंतून कापडात नसलेल्या लाटा उमटतात. फोटोचा आकार थोडा बदलला की त्या बऱ्याचदा जातात. ज्याला हे ठाऊक आहे तो प्रूफ हातात आल्यावर साडी शेजारी धरून बघतो. बाकीच्यांना ते पुस्तक छापून आल्यावर कळतं.

मग हिशेब. पुस्तक सुट्या पानांनी छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंना मिळून सोळा पानं येतात आणि घडी घालून त्यांचा सोळा पेजी फॉर्म होतो. १२८ पानं म्हणजे बरोबर आठ फॉर्म. हौसेने १३० पानं केली, तर त्या दोन पानांसाठी वेगळा कागद, वेगळी छपाई आणि शिलाईत डोकेदुखी. नऊ बाय बारा इंचाचं पान आणि १७० जीएसएमचा मॅट आर्ट पेपर घेतला तर ६४ कागदांचं वजनच पाऊण किलोच्या वर जातं, पुठ्ठा वेगळा. मग ते नुसतं डिंकावर टिकत नाही, फॉर्म दोऱ्याने शिवून पुठ्ठा बांधणी करावी लागते. दोन पानांवर पसरलेल्या फोटोत चेहरा नेमका मधल्या घडीत गेला, तर सगळी मेहनत पाण्यात. गणितातून सुटायचं म्हणून कलेकडे वळणाऱ्या मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

मराठी पुस्तकात अक्षरांचं काम आणखी नाजूक. देवनागरीला वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार. इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर इथे अपुरं पडतं. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोजर निवडला नाही तर जोडाक्षरं तुटतात. जुन्या श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना होणाऱ्या चुका डोळ्यांत तेल घालून शोधाव्या लागतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फाँट मोफत मिळतात. त्यांपासून सुरुवात करता येते. मराठी नीट वाचता-लिहिता येणारा डिझायनर बाजारात कमी आहे. मराठी माध्यमात शिकल्याचा न्यूनगंड बाळगणाऱ्या मुलांनी ही गोष्ट मनावर घ्यावी, कारण या कामात तीच त्यांची पुंजी आहे.

शिकायचं कुठे? आठवी-नववीत असाल तर एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा देऊन टाका. बारावीनंतर, शाखा कुठलीही असो, उपयोजित कलेची चार वर्षांची बीएफए पदवी हा सगळ्यात सरळ रस्ता. त्यासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची एएसी सीईटी असते. आपल्या शहरातच शासकीय कला महाविद्यालय आहे. राज्यात अशी सरकारी महाविद्यालयं मोजकीच आहेत, त्यामुळे बाहेर खोलीभाडं भरण्याआधी त्याचा विचार करा. मुकुंदवाडीपासून जवळच, सिडकोत, एमजीएम विद्यापीठातही डिझाइनचे अभ्यासक्रम आहेत. खासगी शुल्काचा हिशेब मात्र चारही वर्षांचा मांडा. मोठी उडी घ्यायची तर एनआयडीची प्रवेश परीक्षा, आयआयटी मुंबई घेते ती यूसीड, आणि निफ्टचा फॅशन कम्युनिकेशन अभ्यासक्रम. हा शेवटचा आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचा, कारण त्यात कपडा शिवण्यापेक्षा तो लोकांपुढे मांडण्यावर भर असतो. नियम आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून माहिती त्या त्या संस्थेच्या अधिकृत पुस्तिकेतूनच घ्या, शेजाऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून नको.

पैसा लगेच हाती हवा असेल तर आयटीआयचा डीटीपीचा कोर्स किंवा छपाईतली पदविका ही वाटही कमी प्रतीची नाही. प्रेसमध्ये वर्षभर काढलेला मुलगा पुढे डिझाइन शिकला तर तो वर्गात इतरांच्या पुढे असतो.

आता आईवडिलांचा खरा प्रश्न: पोट भरेल का? नुसत्या कॉफी टेबल बुकवर नाही भरणार. अशी पुस्तकं मोजकी निघतात, एकेकाला वर्षभरही लागतं. पण हेच कौशल्य साडीच्या दुकानांच्या कॅटलॉगला, डिझायनरच्या लुकबुकला, दिवाळी अंकांना, कंपन्यांच्या वार्षिक अहवालांना, संग्रहालयांच्या पुस्तिकांना लागतं. शहरात लग्नाचे अल्बम डिझाइन करणारी मुलं भरपूर आहेत. तयार साच्यात फोटो ओतण्याऐवजी त्यातला एखादा मुलगा क्रम, कोरी जागा आणि अक्षरं शिकला, तर तो अल्बमकडून पुस्तकाकडे सहज जाऊ शकतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पगार बेताचाच राहील, हे घरात आधीच बोलून ठेवा. आणि ‘हे सगळं आता एआय करेल’ म्हणाल, तर पानावर चौकोन मांडण्याचं काम यंत्र करू लागलं आहेच. प्रूफशेजारी पैठणी धरून ‘हा रंग चुकला’ असं प्रेसवाल्याला सांगायला मात्र कपडा हाताळलेला माणूस लागेल. म्हणून केवळ सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या तीन महिन्यांच्या क्लासवर घरचे पैसे उधळू नका.

मुलीला किंवा मुलाला हे जमेल का, ते या उन्हाळ्यातच कळू शकतं. घरातल्या आणि नात्यातल्या बायकांच्या साड्या बाहेर काढा, खिडकीशी सकाळच्या उजेडात मोबाइलवर फोटो घ्या, प्रत्येक साडीची हकीकत त्यांच्या तोंडून लिहून घ्या. त्याचं बरोबर सोळा पानांचं पुस्तक करा. इनडिझाइन परवडत नसेल तर स्क्रायबस फुकट आहे. पैठणला जाऊन विणकराचे फोटो घेतले तर आधी परवानगी मागा आणि शेवटच्या पानावर त्याचं नाव त्याच्या संमतीने छापा; ही सवय पहिल्याच पुस्तकापासून लागली पाहिजे. कडेला तीन मिलिमीटर जादा ठेवून फाइल करा, एक प्रत डिजिटलवर छापून घ्या, साडी शेजारी ठेवून रंग तपासा, चुकांवर पेनाने प्रतीवरच खुणा करून दुसरी प्रत काढा. प्रवेशाच्या मुलाखतीला दोन्ही प्रती घेऊन जा, खुणा केलेलीसुद्धा.