‘श्वापद’ आणि ‘सावज’ : एका अर्थांतराचा विचार

मांसभक्षक प्राण्यांसाठी मराठीत ‘श्वापद’ हा शब्द रूढ आहे. त्यांच्या तोंडी पडणाऱ्या जिवाला आपण ‘सावज’ म्हणतो. एक मारणारा, दुसरा मरणारा. परंतु व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत. या विरोधाची संगती कशी लावावयाची, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

‘श्वापद’ म्हणजे कुत्र्यासारखे पाय असलेला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात हा शब्द आढळतो. कच्चे मांस खाणारा या अर्थी संस्कृतात ‘क्रव्याद’ हा स्वतंत्र शब्द आहे. ‘श्वापद’मध्ये आहाराचा उल्लेख नाही, खूर नसलेला, नखे असलेला पाय हीच येथे ओळख आहे. ‘हिंस्र’ हे विशेषण आपण जोडतो. ते नावातच आहे असे समजणे चुकीचे ठरेल.

‘सावज’ची ध्वनिपरंपरा पाहू. ‘श्व’चा ‘स’ (श्वश्रू–सासू) आणि स्वरमध्यस्थ ‘प’चा ‘व’ (दीप–दिवा) हे बदल नियमित आहेत. अडचण अंत्य ‘ज’ची आहे. ‘श्वापद’चे प्राकृत रूप ‘सावय’. त्यातून ‘ज’ सिद्ध होत नाही. म्हणून ‘श्वापद्य’ असे साधित रूप गृहीत धरावे लागते. ‘द्य’चा ‘ज’ (अद्य–आज, विद्युत्–वीज) मराठीस परिचित आहे. हे रूप अनुमानित आहे, याचे भान मात्र सुटू नये.

आता अर्थ. गुजरातीत ‘सावज’ म्हणजे सिंह. तेथे मूळचा दरारा टिकून आहे. मराठीत ‘रानटी जनावर’, मग ‘ज्याची शिकार करावयाची ते जनावर’ आणि शेवटी ‘भक्ष्य’ असा क्रम संभवतो. प्राणी बदलला नाही. त्याच्याकडे पाहणारा बदलला. वाटसरूच्या दृष्टीने जे श्वापद, ते शिकाऱ्याच्या दृष्टीने सावज.

‘मृग’ शब्दाचा प्रवास याला पूरक आहे. वैदिक भाषेत तो कोणत्याही वन्य पशूचा वाचक होता. पुढे तो हरणापुरता उरला. जुना व्यापक अर्थ ‘मृगेंद्र’ आणि ‘शाखामृग’ या समासांत जिवंत आहे. सिंह हा केवळ हरणांचा राजा नव्हे, आणि वानर हे फांदीवरचे हरीण नव्हे! प्राचीन संहिता शिकविताना ‘मृग’ दिसताच ‘हरीण’ लिहिणारा विद्यार्थी नेमका येथेच फसतो.

तात्पर्य, व्युत्पत्ती शब्दाचे कूळ सांगते. अर्थ ठरतो तो वापरणाऱ्याच्या भूमिकेवरून. अध्यापनात या दोहोंची गल्लत होता कामा नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा व्यवहार आक्रसला, ‘सावज’ मात्र उरले. आज ठकाच्या जाळ्यात सापडलेल्या माणसासही आपण तोच शब्द लावतो. कुत्र्याच्या पावलांनी निघालेला हा शब्द अखेर माणसापाशी येऊन थांबला आहे.