पाटी बेलापूरची, गाव दुसरंच

अगं, काल फोनवर तू घाईघाईत म्हणालीस, "ताई, घरबसल्या एम.एस्सी. ॲग्री करून देणारे एक जण भेटलेत, फी हप्त्यांनी चालते." दुकानात गिऱ्हाइकं उभी होती, म्हणून मी नुसतं "बघू" म्हटलं. आता निवांत लिहिते. पैसे भरू नकोस. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको.

यूजीसीचे 2020 चे नियम आहेत, मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे. कुठले विषय या पद्धतीने शिकवायचे नाहीत, याची यादीच त्यात दिली आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, वास्तुशास्त्र, कायदा, आणि त्याच यादीत शेती आणि उद्यानविद्यासुद्धा. म्हणजे देशातल्या कुठल्याही विद्यापीठाच्या नावावर कुणी तुला पत्राने किंवा मोबाइलवर कृषीची एम.एस्सी. देऊ केली, तर त्या कागदाचं पुढे काय होणार हे आत्ताच ओळखून अस. आपल्या बेलापूरचंच बघ ना. बेलापूर नावाचं स्टेशन श्रीरामपुरात, बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता हरेगावात. पाटी वाचून उतरलेला पाहुणा पिशव्या सांभाळत रिक्षा शोधत बसतो. या डिग्र्यांचंही तेच आहे. फक्त इथे रिक्षाभाडं दोन वर्षांच्या पगारातून जातं.

तपासायला काही अवघड नाही. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर कुठल्या विद्यापीठाला कुठल्या सत्रासाठी कुठला अभ्यासक्रम मंजूर आहे, ते लिहिलेलं असतं. विद्यापीठ यादीत आहे एवढ्यावर खूश होऊ नकोस. त्याला एम.ए. मराठीची परवानगी असते आणि एजंट त्याच नावावर शेतीची डिग्री विकत असतो. शिवाय 2024-25 पासून दूरस्थ प्रवेशाआधी याच विभागाचा, तुझा स्वतःचा डेब आयडी काढावा लागतो. तो काढायची गरज नाही, आम्ही सगळं बघतो, असं जो म्हणेल त्याला चहासुद्धा पाजू नकोस.

तुला हा नियम जाचक वाटेल. नोकरी करणाऱ्या, लेकरंबाळं असणाऱ्या बाईने मग शिकायचं तरी कसं, असं मलाही वाटतं. पण शेती-औषधांच्या दुकानात बसून रोज जे बघते त्यामुळे त्यामागचं कारणही पटतं. परवा एक शेतकरी मक्याचा पोंगा कागदात गुंडाळून घेऊन आले. आत अळी. अमेरिकन लष्करी अळी म्हणून फोटो सगळ्यांच्याच मोबाइलमध्ये आहेत, पण खरी खूण बारीक असते. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटं काढल्यासारखी फिकट रेघ, आणि शेपटाकडच्या शेवटून दुसऱ्या भागावर चार काळे ठिपके, चौकोनात मांडलेले. ही अळी आपल्या देशात 2018 मध्ये पहिल्यांदा कर्नाटकात सापडली, म्हणजे माझ्या-तुझ्या कॉलेजच्या पुस्तकांत तिचं नावही नव्हतं. पोंगा उलगडून, ओला भुसा बाजूला सारून, अळी तळहातावर घेऊन भिंगाखाली धरली तेव्हा ते ठिपके दिसले. चुकीची अळी समजून चुकीचं औषध दिलं असतं तर त्यांचा एकराचा खर्च पाण्यात. हे सगळं व्हिडिओ बघून येत नाही बाई. कुणीतरी शेजारी उभं राहून "नीट बघ, परत बघ" म्हणावं लागतं.

पण म्हणून दूरस्थ शिक्षणाला नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये सुरू झालं, आणि त्याने शेतीचं शिक्षण मराठीत, पुस्तकरूपाने, घरापर्यंत आणलं. फळबाग, भाजीपाला, फुलशेती यांची त्यांची पुस्तकं माझ्या काउंटरखाली अजून आहेत. पानं सुटलीत, तरी भाषा अशी की चौथी शिकलेल्यालाही वाचून दाखवता येते. दहावीनंतर शेतीत अडकलेल्या कितीतरी जणांना त्या पुस्तकांनी हात दिला. नियम बदलण्याआधी ज्यांनी तिथून रीतसर पदव्या घेतल्या, त्यांना कुणी कमी लेखलं तर मला राग येतो.

आता मुद्द्याचं. तुला एम.एस्सी. हवी आहे ती कशासाठी? हे तू मला सांगितलंच नाहीस, आणि मला वाटतं स्वतःलाही विचारलेलं नाहीस. कृषी अधिकाऱ्याची एमपीएससी द्यायची असेल, तर तुझी बी.एस्सी. पुरते. बँकेतल्या कृषी क्षेत्र अधिकाऱ्याच्या परीक्षेलाही पुरते. तिथे वरचा कागद मिळवण्यात दोन वर्षं घालण्यापेक्षा तोच वेळ परीक्षेच्या तयारीला दे. विद्यापीठात शिकवायचं किंवा संशोधन करायचं मनात असेल, तर मात्र नियमित एम.एस्सी.ला पर्याय नाही. चार सत्रं, प्लॉटवरचा प्रयोग, प्रबंध आणि मग नेट. तू नशीबवान की महात्मा फुले कृषी विद्यापीठ राहुरीला, आपल्या उशाशी आहे. लांबच्या एखाद्या मुलीला इतक्या जवळ पदव्युत्तरचं केंद्र असतं तर तिने आनंदाने एसटीचा पास काढला असता. तुझ्या बियाण्यांच्या कंपनीत बिनपगारी अभ्यासरजा मिळते का, एवढं एकदा विचारून तर बघ. नाही म्हणतील फार तर.

आणि कंपनीतल्या कंपनीत वर सरकायचं असेल, म्हणजे शिवारातून ऑफिसात यायचं असेल, तर तुला शेतीची नव्हे, शेतीच्या भोवतीची पदवी किंवा पदविका लागते. त्या अजून दूरस्थ मिळतात आणि त्या खऱ्या आहेत. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं स्कूल ऑफ ॲग्रिकल्चर, शेतमाल निर्यातीचं बघणाऱ्या अपेडाबरोबर मिळून अन्नसुरक्षा आणि गुणवत्ता व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका तयार करून बसलंय. डाळिंब-द्राक्षं निर्यात करणाऱ्यांना, प्रक्रिया उद्योगवाल्यांना तशी माणसं हवी असतात. ग्रामीण विकासाची एम.ए. आहे, ती संस्था-प्रकल्पांत कामाला येते. हैदराबादची मॅनेज संस्था 2007 पासून कृषी विस्तार व्यवस्थापनाची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका दूरस्थ पद्धतीने चालवते, मुख्यतः कृषी खात्यातल्या लोकांसाठी. आपल्याकडे तिचं काम नागपूरच्या वनामतीमार्फत चालतं. तुझी मैत्रीण खात्यात लागली आहे ना, तिला हे आवर्जून सांग. परदेशातल्या पण आहेत. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठ नोकरी करणाऱ्यांना कृषिविद्येची मास्टर्स दूरस्थ देतं. पण तिथली फी ऐकलीस तर आपला अर्धा ऊस त्यात जाईल. सध्या ते राहू दे.

माझं मत विचारशील तर तुझ्यासाठी अन्नसुरक्षेची पदविका. बियाण्यांच्या कंपनीत प्रतवारी, उगवण चाचणी, नमुने, लेबल हे तू करतेसच. त्याला जोडून हे शिकलीस तर नोकरी बदलतानाही उपयोगी. एक अडचण आहे, अभ्यास इंग्रजीत. कॉलेजात आपण इंग्रजीत लिहून पास झालो, पण समजून घेतलं मराठीतच. त्याचा बाऊ करू नकोस. पहिलं पुस्तक जड जातं, दुसऱ्यापासून तेच तेच शब्द येतात.

आता हे मात्र कुणी माहितीपत्रकात लिहीत नाही. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरात असतात. जूनमध्ये तू कुठे असतेस? खरिपाची पेरणी, डीलरांचे फोन, गाडीत बियाण्याच्या पिशव्या, रात्री अकराला जेवण. त्या महिन्यात पेपर द्यायचा हट्ट धरलास तर पेपरही जाईल आणि साहेबांची मर्जीही. तेव्हा अवघड पेपर डिसेंबरात टाक. राहिलेले पेपर पुढच्या परीक्षेला देता येतात, मुदतीत बसवलं की झालं. गृहपाठाचे गुण सोडू नकोस. बहुतेक अभ्यासक्रमांत शंभरातले तीस त्यांचे असतात आणि ते घरी बसून, पुस्तक उघडून लिहायचे असतात. ते कुणाकडून पैसे देऊन लिहून घेतात हेही मला माहीत आहे. तू घेऊ नकोस. परीक्षेत तेच प्रश्न समोर येतात.

आणि घर. सासूबाईंना आधी सांग, नवऱ्याला नंतर. उलटं केलंस तर "आम्हाला कुणी विचारतंय का" सुरू होतं. त्यांना पुस्तक दाखव, पेपर कधी आहे ते सांग, त्या आठवड्यात पोराला कोण बघणार ते त्यांनाच ठरवू दे. सासूने एकदा "माझी सून शिकतेय" असं शेजारणीला सांगितलं की तुझं अर्धं काम झालं. अभ्यासाची वेळ म्हणशील तर शेतीची वीज ज्या आठवड्यात रात्रीची असते तो पकड. तेव्हा नवरा उसाला पाणी द्यायला जातो, पोर झोपलेलं असतं, टीव्ही बंद. पहाटे चारला उठेन वगैरे शपथा घेऊ नकोस, लहानपणापासून तुला ओळखते मी.

हप्तावाल्याला उद्या एवढंच विचार, की तुमच्या विद्यापीठाचं मंजुरीपत्र दाखवा, त्यावर कृषीचं नाव कुठे आहे. मग काय म्हणतो ते मला कळव. रविवारी येणारच आहेस तर बी.एस्सी.च्या सगळ्या गुणपत्रिका, आधार आणि बारावीचं प्रमाणपत्र घेऊन ये. दुकान दुपारी बंद असतं, तेव्हाच पदविकेचा फॉर्म भरून टाकू. ओटीपी येतो, तेव्हा मोबाइल चार्ज करून आण म्हणजे झालं.